आईला उलट्या गाडीत बसायचंय

जव्हार, ५ जानेवारी

रंजनाताई,

पाया पडते. लांबूनच पडते, म्हणजे तुम्हाला पाय मागे घेता येणार नाहीत.

पाकीट बघून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. तुम्ही तुमच्या भावाचा नंबर ब्लॉक केलात, ते मी समजू शकते. मग त्यांनी माझ्या फोनवरून लावून पाहिला म्हणून माझाही केलात. आता हर्षालीच्या फोनवरूनही लागत नाही. बिचारीने फक्त आत्याला आनंदाची बातमी द्यायला लावला होता. म्हणून पोस्टात गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "घरचं पत्र? कुणाचं काही कोर्टात चाललंय का?" मी म्हटलं, नाही हो, बहीणभाऊ बोलत नाहीत.

सहजच लिहिते आहे. काम काही नाही.

बातमी अशी की हर्षाली धावण्यात तालुक्यात पहिली आली. तुमच्या भावाने स्पर्धेच्या आधी सगळ्या शिक्षकांसमोर छाती काढून सांगितलं होतं, "पहिली आलीस तर म्हणशील तिथे नेईन." त्यांना वाटलं, शिर्डी म्हणेल, फार तर राणीची बाग. ती म्हणाली, "खोपोलीजवळचं ते मोठं पार्क. जिथे गाडी आकाशात जाऊन उलटी होते ते." आता शिक्षकांसमोर दिलेला शब्द! गिळताही येईना.

तेव्हापासून आमच्या घराची शाळा झाली आहे. इतकी वर्षं मुलांच्या सहली काढून त्यांना सवयच लागली आहे. भिंतीवर सूचना चिकटवल्यात. "घोळका करू नये. हरवल्यास आहे तिथेच उभे राहावे." रविवारी अंगणात आम्हाला रांगेत उभं राहायचा सराव दिला. रांगेत आम्ही तिघीच, मी, हर्षाली आणि धाकटी राही, तरी त्यांनी शिट्टी वाजवली. राहीची वेगळीच गंमत. ठराविक उंचीपेक्षा लहान मुलांना मोठ्या पाळण्यात घेत नाहीत, असं कुठेतरी वाचलं. दाराच्या चौकटीवर खडूने रेघ मारली, तर राही रेघेच्या बरीच खाली. आता ती सकाळ-संध्याकाळ पेरूच्या फांदीला लोंबकळते आणि उतरली की पळत येऊन चौकटीला पाठ लावते.

बेत असा की आमच्या आळीतल्या सोम्याच्या भाड्याच्या जीपने उजाडायच्या आत निघायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. "मुक्काम कुठेही करायचा नाही," असं तुमचे भाऊ इतक्या वेळा म्हणाले की त्यांच्या मनात कुठला मुक्काम घोळतोय ते मला कळलं.

आता खरी गोष्ट. आई परवा बाजाराला सूर्यमाळवरून खाली उतरल्या होत्या. हर्षालीने त्यांना मोबाइलवर ती उलटी होणारी गाडी दाखवली. आईंनी मोबाइल हातात धरून चार-पाच वेळा पाहिलं. मग म्हणाल्या, "ही माणसं वरडतात कशाला? कुणी बांधून तर नाय नेला ना त्यांना?"

हर्षाली म्हणाली, "बांधलेलंच असतं आजी, पट्ट्याने."

"बरा हाय मग. पडायचा भेव नाय. मना पण बसायचाय."

तुमचे भाऊ हसले. आई हसल्या नाहीत.

असो. खोपोलीला सध्या थंडी असते का? मुलींना स्वेटर लागतील का, एवढंच विचारायचं होतं. आणि तुमच्या घरापासून ते पार्क किती लांब आहे? हेही सहजच.

तुमची भावजय,
शीला


जव्हार, २१ जानेवारी

रंजनाताई,

तुमचं कार्ड मिळालं. "थंडी असते. स्वेटर आणणे." एवढंच लिहिलंत. पण ताई, "नेणे" लिहिलं नाहीत, "आणणे" लिहिलंत. मी ते कार्ड तुमच्या भावाच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी वाचलं, उलटं करून मागे काही आहे का पाहिलं आणि म्हणाले, "व्याकरण तिचं आधीपासून कच्चं आहे." मग मात्र एक भाकरी जास्त खाल्ली.

आईंचं वेड उतरेल असं आम्हाला वाटलं होतं. उतरलं नाही. त्या दर आठवड्याला बाजाराला येतात आणि आल्या आल्या विचारतात, "कवा निघायचा?" तुमच्या भावाने सगळी कारणं देऊन पाहिली. म्हणाले, वय झालंय. आई म्हणाल्या, "कुणाचा?" म्हणाले, चक्कर येईल. आई म्हणाल्या, "तुला येत आसंल." शेवटी म्हणाले, तिथे पाळण्यात साडीला परवानगी नाही, पदर उडून अडकतो. हे मात्र खरं असावं. आईंनी उभं राहून आपल्या लुगड्याचा काष्टा दाखवला. गुडघ्यापर्यंत घट्ट खोचलेला, पदर कंबरेला आवळलेला. "यात मी मोहाच्या झाडावर चढते. कुठं उडतं ते दाखव."

मग तुमच्या भावाने शेवटचा डाव टाकला. म्हणाले, आधी चाचणी घेऊ. सोम्याची जीप काढली आणि आम्हा सगळ्यांना मोखाड्याच्या पुढे तोरंगण घाटात घेऊन गेले. सोम्याला सांगितलं, वळणावर जरा जोरात घे, म्हातारी घाबरली की आपोआप नको म्हणेल. सोम्या भिवंडीत टेम्पो चालवून आलेला. त्याला जोरात घे म्हणायची गरजच नसते. "पकडके बैठो सर!" म्हणाला आणि सुटला.

तिसऱ्या वळणावर तुमच्या भावाने गाडी थांबवायला सांगितली. उतरून कठड्याशी गेले आणि सकाळचा सगळा नाश्ता दरीला देऊन आले. आई खिडकीतून डोकं काढून सोम्याला म्हणाल्या, "थांबलास का रं? आत्ता कुठं मजा येत होती."

ताई, एक सांगते, पण तुम्ही मला सांगितल्याचं बोलू नका. तुमच्या भावाला उंचीची भीती वाटते. शिरपामाळच्या टेकडीवर पाहुणे आले की ते त्यांना शिवाजी महाराजांच्या मुक्कामाची गोष्ट सांगतात, पण तोंड नेहमी डोंगराकडे आणि पाठ दरीकडे. पाहुण्यांना वाटतं, सर किती तल्लीन होऊन सांगतात. मीही लग्नानंतर पुष्कळ दिवस तसंच समजत होते. तुम्हाला कदाचित लहानपणापासून ठाऊक असेल.

तुमचं आणि ह्यांचं जे झालं, त्यात मी पडणार नाही. मागच्या उन्हाळ्यात सूर्यमाळची विहीर आटली. आई टँकरसाठी उन्हात उभ्या राहायच्या. तुम्ही म्हणालात, आईला मी खोपोलीला नेते. हे म्हणाले, मुलगा जव्हारला असताना आई जावयाच्या घरी राहिली तर लोक काय म्हणतील. तुम्ही म्हणालात, लोक पाणी आणून देतात का? दोघंही बरोबर होतात आणि दोघंही ओरडत होतात. आई त्या वेळी शेळ्यांना पाला घालत होत्या. कुणाकडेच आल्या नाहीत. तरी तुम्हाला वाटतं भावाने आईचे कान भरले आणि ह्यांना वाटतं तुम्ही भरलेत.

पडणार नाही म्हटलं आणि पडलेच की.

राही खडूच्या रेघेला अजून टेकलेली नाही. आता ती शाळेतून येताना टाचा उंच करून चालते.

शीला


जव्हार, ३ फेब्रुवारी

रंजनाताई,

तुमचं दुसरं कार्ड मिळालं. "आईला एवढ्या लांब नेऊन त्याच दिवशी परत आणणार? सगळ्यांची डोकी ठिकाणावर आहेत का?" हे वाचून मला फार बरं वाटलं. तुम्ही रागावलात म्हणजे तुम्ही बोललात.

आता सरळ लिहिते. पहिल्या पत्रापासून मी जे सहज सहज म्हणते आहे, त्यातलं काहीच सहज नव्हतं. आम्हाला तुमच्याकडे राहायचं आहे.

सोम्याने हात वर केलेत. "भाभी, वाडा, भिवंडी, कल्याण, कर्जत, और वही दिन वापस? मेरेको भी बालबच्चे हैं." बरोबरच आहे त्याचं. मी तुमच्या भावाला म्हटलं, ताईंकडे एक रात्र राहू. ते म्हणाले, "मला तिच्या दारात जायची हौस नाही." पण काल पाहिलं तर घरच्या नव्या तांदळाचं एक गाठोडं वेगळं बांधून ठेवलेलं. विचारलं, हे कुणाला? म्हणाले, "घरात जास्त झालेत." ताई, आमच्या घरात तांदूळ कधीच जास्त होत नाहीत.

खरं सांगायचं तर मला वाटत होतं की आईंचं हे सगळं नाटक तुमच्यासाठी चाललंय. पार्कचं निमित्त, खरं मन लेकीकडे. तसं एक छानसं पत्रही मी तुम्हाला लिहायला घेतलं होतं, वाचून तुम्ही रडला असतात. बरं झालं, टाकायच्या आधी आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "रंजीला भेटायला मना गाडी उलटी कराया लागते काय? भेटायचा आसंल तर एसटीनं जाईन."

"मग आई, तुम्हाला कशाला बसायचंय त्यात?"

आई नागली पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, "जल्मभर डोंगर चढले मी, शीला. डोक्यावर हंडा, नाय तर मोळी. उतरताना बी तेच. एक डाव मना मोकळ्या हातानं वर जायाचाय, आन् सुसाट खाली यायाचाय."

मग मी ते रडवणारं पत्र चुलीत घातलं.

शेळ्यांची सोय झाली आहे. पाड्यावरची गोदी बघणार आहे. कोंबड्याही तीच कोंडेल. तुमच्या घरी जागा कमी आहे हे मला माहीत आहे. आम्ही खाली झोपू. सोम्या जीपमध्ये झोपतो, त्याला तसंच आवडतं.

तुम्ही इतकी वर्षं त्या पार्कच्या एवढ्या जवळ राहता आणि एकदाही आत गेला नाहीत, असं धर्मेंद्र भाऊजी मागे म्हणाले होते. म्हणजे सगळ्यांचीच पहिली वेळ. तुम्हीही चला ना.

काय ते लवकर कळवा. आईंनी ते लुगडं धुऊन ठेवलं आहे आणि दुसरं काही ठरायच्या आत हर्षालीने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं आहे.

शीला


जव्हार, ११ फेब्रुवारी

प्रति,
सौ. रंजना धर्मेंद्र,
खोपोली.

विषय : एक रात्र मुक्कामास परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण शीलाला पाठविलेल्या कार्डात "यायचं असेल तर सुद्याने स्वतः लिहावं" असे नमूद केले आहे. त्यानुसार स्वतः लिहीत आहे.

आम्ही एकूण पाच जण (आई धरून) व एक चालक, येत्या शनिवारी सायंकाळपर्यंत आपल्या घरी पोहोचू. रविवारी सकाळी पार्कला जाऊ व तेथूनच परत निघू. आपणांस कोणताही त्रास होणार नाही याची दक्षता घेण्यात येईल. अंथरूण आमचे आम्ही आणू.

आईची भूक कमी आहे असे तू समजतेस. तसे नाही. तुझ्याकडे आल्यावर ती मुद्दाम कमी खाते, कारण तुझ्या हाताला मिठाचा अंदाज नाही. हे विषयाशी संबंधित नाही, पण माहितीसाठी कळविले.

मागच्या उन्हाळ्यात जे झाले त्याबाबत या पत्रात काही लिहिणार नाही. कारण विषय मुक्कामाचा आहे.

तरी परवानगी मिळावी ही विनंती.

आपला,
सुदर्शन

ता. क. शीलाने हे वाचले आणि म्हणाली, बहिणीला असे लिहितात का? मी म्हटले, मला दुसरे लिहिता येत नाही. तांदूळ आणतो आहे. तुला आवडतात ते.


जव्हार, २ मार्च

रंजनाताई,

आता फोन सुरू झाला, तरी मी पत्रच लिहिते आहे. कारण फोन लागला की तुम्ही दोघंच बोलता. माझ्या हातात येईपर्यंत बॅटरी संपलेली असते.

शिवाय काही गोष्टी तुम्हाला ठाऊक नाहीत. तुम्ही वर होता आणि मी खाली होते.

शनिवारची संध्याकाळ तुम्हाला आठवतच असेल. मला ती जन्मभर पुरेल. तुम्ही म्हणालात, "राही, बाबांना विचार, चहात साखर किती?" हे म्हणाले, "राही, आत्याला सांग, नेहमीचीच." दोघं समोरासमोर बसलेले, मध्ये राही. पोर मान फिरवून फिरवून दमली आणि शेवटी म्हणाली, "मी खेळायला जाते, तुम्ही आता फोनवर बोला." त्यावर भाऊजी हसले, तर त्यांनाच तुम्ही दोघांनी मिळून दटावलंत. तुमचं तेवढं एकमत झालेलं पाहून मला आशा वाटली.

सकाळी तुम्ही दोघी, तुम्ही आणि हर्षाली, तिकिटांच्या रांगेत होतात. तेव्हा गेटवर काय झालं ते ऐका. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, हे तुमच्या भावाच्या सूचनांत नव्हतं. आईंच्या पिशवीत नागलीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. गेटवरच्या मुलीने पिशवी उघडली आणि वासाने एक पाऊल मागे गेली. म्हणाली, "आजी, हे आत चालत नाही." आई म्हणाल्या, "मग भाईर खाऊ." आणि तिथेच, फुलांच्या वाफ्याच्या कडेला बसून त्यांनी भाकरी सोडली. त्या मुलीला पण अर्धी दिली. ती आधी नको म्हणाली. मग विचारलं, तर ती विक्रमगडकडची निघाली. उभ्या उभ्या तिने अख्खी भाकरी संपवली.

राही उंचीच्या पट्टीखाली उभी राहिली तेव्हा तिथल्या माणसाने तिच्या टाचा बघितल्या आणि मान हलवली. म्हणून मी तिला घेऊन खाली राहिले. तुमचे भाऊ म्हणाले, "मीही राहतो. पिशव्यांजवळ कुणीतरी पुरुष माणूस हवा." भाऊजी म्हणाले, मी आहे ना. आई म्हणाल्या, "सुद्या, तू बस." शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. आणि ते बसले.

आई आणि हर्षाली पुढे. मागच्या ओळीत एकच जागा रिकामी, तुमच्या शेजारी. तुम्ही तोंड एकीकडे केलंत, ह्यांनी दुसरीकडे. गाडी हळूहळू वर चढायला लागली. तोवर ठीक होतं. अगदी टोकाला जाऊन ती क्षणभर थांबली. ताई, मी खाली देवाचं नाव घेत होते, पण माझे डोळे आईंवर होते. त्यांनी दोन्ही हात वर केले होते. हातांत काही नव्हतं, डोक्यावर काही नव्हतं. एवढ्याशा दिसत होत्या.

मग गाडी सुटली आणि आम्हाला खाली ऐकू आलं, "ताईऽऽ मला धर!"

आणि त्यावर तुमचा आवाज, "मी कुणाला धरू रे, सुद्याऽऽ!"

तुम्हाला वाटत असेल, एवढ्या गोंगाटात कुणाला कळलं असेल. ताई, आजूबाजूच्या सगळ्यांना कळलं. शेजारी एक गुजराती कुटुंब उभं होतं. त्यातल्या बाईंनी मला विचारलं, "आपके घर के हैं?" मी म्हटलं, नहीं. राही म्हणाली, "हो, आमचेच आहेत."

उलटं होताना तुम्ही दोघांनी एकमेकांच्या गळ्यात हात टाकले होते. पट्ट्यात अडकलेल्या माणसाला ते कसं जमलं, कोण जाणे. मोठ्या पडद्यावर फोटो दिसला. आई तोंड उघडून हसताहेत, दात नाहीत तेही दिसतंय. हर्षालीचे केस उभे. मागे तुम्ही दोघं डोळे गच्च मिटून, डोक्याला डोकं लावून. भाऊजी म्हणाले, "या दोघांचा असा फोटो आमच्या लग्नातसुद्धा नव्हता."

नंतरचं तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही दोघं बाकावर बसून एकाच बाटलीतलं लिंबूपाणी पीत होता आणि आई परत रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

तुम्हाला माहीत नाही ते त्याच्या पुढचं. निघताना जीपपाशी तुम्ही म्हणालात, "आई, या उन्हाळ्यात तरी ये माझ्याकडे." लगेच हे म्हणाले, "माझ्याकडे का नको?" मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू. आई जीपमध्ये जाऊन बसल्या. कर्जत सुटलं. मुली झोपल्या होत्या. मग त्या माझ्याशी बोलल्या, पण आवाज पुढे बसलेल्या ह्यांना जाईल एवढा.

"गाडीतनं उतरल्यावर दोघांनी माझा दंड धरलेला. सुद्यानं हिकडून, रंजीनं तिकडून. लोकांना वाटलं, पोरा म्हातारीला धरून चालवतात. पाय कुणाचं कापत होतं?"

मी म्हटलं, "त्यांचे."

"आन् हे मना संभाळणार!" आई हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मी सूर्यमाळ सोडून कुठं जायाची नाय. तिथं माझ्या शेळ्या हायत, माझी माणसं हायत. पाण्यापायी जीव जळतो ना दोघांचा? मग दाराशी मोठी टाकी बसवा. टँकर आला की भरून घेईन. एकट्यानं नाय, दोघांनी मिळून बसवा."

भिवंडी गेली, वाडा आला. तेव्हा तुमचे भाऊ म्हणाले, "टाकी घराच्या मागच्या बाजूला बरी. सावली आहे." सोम्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "हो गया भाभी."

आईंना पाड्यावर सोडलं तेव्हा अंधार पडायला आला होता, तरी माणसं जमली. आईंनी गोदीला बाजेवर बसवलं, पोटाशी दोरी बांधली आणि दोन पोरांना बाज उचलून हलवायला लावली. गोदी किंचाळली. आई म्हणाल्या, "हा तर नुस्ता घाट. उलटं अजून व्हायचाय."

आता मुद्द्याचं. टाकी कुठे ठेवायची यावरून गेला आठवडाभर तुमच्या घरातून आणि माझ्या घरातून जे ओरडणं चाललंय, ते शेजारच्यांनाही पाठ झालंय. तुम्ही म्हणता पुढे, टँकरवाल्याला सोपं. हे म्हणतात मागे, पाणी थंड राहील. परवा यांनी टाकीचं चित्र काढून त्यात बाण दाखवले आणि चुलीशी मला आणून विचारलं, "तूच सांग." मी म्हटलं, मला भाजी करू द्या.

शेवटी मी गोदीच्या मुलाकडून आईंनाच निरोप पाठवला, तुम्हाला कुठे हवी?

आईंचा उलटा निरोप आज आला. "दोघांनाबी हिकडं पाठव. दारात उभं राहून काय ते भांडूं दे. मी ओट्यावर बसते."

तेव्हा रविवारी या. भाऊजींना पाइप जोडायचं सामान आणायला सांगा. मिठाचा अंदाज मी घेईन.

तुमची शीला